घरी मराठी, गाण्यात गोंडी : आदिलाबादचा एक वीकेंड

मराठीत प्रवासवर्णनांची कमतरता नाही. अण्णा भाऊ साठे १९६१ साली रशियाला गेले आणि ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहिला. पुलंनी ‘अपूर्वाई’त युरोप दाखवला, ‘पूर्वरंग’मध्ये पूर्वेकडचे देश. लायब्ररीत त्या कपाटासमोर उभं राहिलं की वाटतं, मराठी माणूस जितका लांब जातो तितकं जास्त लिहितो. मुंबईहून एका रात्रीच्या रेल्वेप्रवासावर असलेल्या आदिलाबादबद्दल मात्र त्या कपाटात मला काहीच सापडलं नाही.

यंदा जानेवारीत एका वर्गमैत्रिणीच्या घरी, मावल्याला, शनिवार-रविवार राहून आले. दोन दिवसांत जे पाहिलं ते तिथे असताना अर्धंच कळलं. उरलेलं परत आल्यावर वाचून कळलं. त्या वाचनातली एक गोष्ट डोक्यातून जाईना. आदिलाबादच्या डोंगरात राज गोंड लोकांच्या वीरकथा, वंशावळी आणि देवांची गाणी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणारा एक समाज आहे, प्रधान. या प्रधानांची घरची भाषा मराठी आहे. म्हणजे बोलायचं मराठीत आणि गायचं गोंडीत. हे कसं काय, आणि मराठीचे विद्यार्थी म्हणून आपला त्याच्याशी काय संबंध, हे नीट समजावून सांगावं म्हणून हा लेख.

मावला कुठे येतं?

मावला आदिलाबाद शहराला दक्षिणेकडून अगदी चिकटून आहे, श्रीनगर-कन्याकुमारी या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर. नकाशात ते तेलंगणात आहे. २०१६ साली तेलंगणाने जिल्ह्यांची फेररचना केली, जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे आदिलाबाद, निर्मल, मंचिर्याल आणि कुमरम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे झाले, आणि त्याच वेळी मावला हे स्वतंत्र मंडल झालं. मंडल म्हणजे आपल्या तालुक्यापेक्षा लहान असा महसुली विभाग.

पण नकाशाच्या आधीचा इतिहास पाहिला की चित्र बदलतं. हा सगळा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार प्रांतरचना झाली आणि संस्थानाचे तीन तुकडे तीन राज्यांत गेले. मराठवाडा तेव्हाच्या मुंबई राज्यात आला, तेलुगू जिल्हे आंध्र प्रदेशात गेले. आदिलाबाद जिल्हा आंध्रात गेला, पण त्यातले किनवट आणि राजुरा हे मराठी भाग तोडून आपल्याकडे आले. आज किनवट नांदेड जिल्ह्यात आहे, राजुरा चंद्रपूर जिल्ह्यात. म्हणजे जे एका जिल्ह्यातले शेजारी होते ते एका तारखेनंतर दोन राज्यांतले झाले. पैनगंगा तीच, अलीकडे-पलीकडे सोयरिकी त्याच, पाटीवरची लिपी मात्र वेगळी. सीमेवरची डझनभर गावं तर अजूनही दोन्ही राज्यं आपली म्हणतात आणि तिथले लोक दोन्हीकडे मतदान करत आले आहेत.

म्हणून मावल्यात मराठी ऐकू येते यात नवल काही नाही. नवल वाटतं ते माणसं भाषा बदलतात त्या वेगाचं. मैत्रिणीची आई, आम्ही त्यांना काकू म्हणतो, माझ्याशी मराठीत बोलत होत्या, किराणावाल्याशी तेलुगूत आणि रिक्षावाल्याशी दख्खनी हिंदीत. जानेवारी म्हणजे कापसाचे दिवस. महामार्गावर कापसाने फुगलेल्या गाड्या, आणि त्यांच्यावरच्या ताडपत्र्या बांधणारी माणसं तिन्ही भाषांत एकमेकांवर ओरडत होती. काकूंची मराठी आपल्या पुस्तकातली नव्हे, वऱ्हाडाकडे झुकणारी. ज्वारीची भाकर वाढताना म्हणाल्या, “दोन दिवसात काय काय पायशील माय तू? एकच गोष्ट पाय, पन बूड धरून पाय.” तो सल्ला मी मानला. ती एक गोष्ट म्हणजे केसलापूरचा नागोबा.

नागोबाची जत्रा कशी घडते

पौष अमावास्येला इंद्रवेल्ली मंडलातल्या केसलापूर गावी नागोबाची जत्रा भरते. यंदा ती अमावास्या १८ जानेवारीला, रविवारी आली, म्हणून तर आमचा वीकेंड जमला. मावल्याहून महामार्गाने दक्षिणेला गुडीहत्नूर, तिथून उटनूरच्या रस्त्याला वळायचं, आणि मुत्नूरवरून आत गेलं की केसलापूर. नागोबा हे मेस्राम कुळाचं दैवत. राज गोंडांमध्ये चार, पाच, सहा आणि सात देवांचे असे गट असतात, त्यांना ‘सगा’ म्हणतात. मेस्राम सात देवांच्या सगातले. एका सगातल्या मुलामुलींची लग्नं आपसात होत नाहीत. आपल्याकडच्या गोत्रासारखंच हे काम करतं, असं तात्पुरतं समजायला हरकत नाही. मात्र इथे कोणत्या सगात जन्मलात यावर तुमचे देव, तुमच्या कथा आणि तुमचे गायक हे सगळंच ठरतं.

बाहेरच्या माणसाला जत्रा म्हणजे अमावास्येची रात्र, पाळणे, दुकानं, गर्दी. ही तर शेवटची पायरी. जत्रा सुरू होते पौष लागताच, आणि सुरू होते ती देवळात नाही, कुंभाराच्या दारात. पूजेला लागणारी मातीची मडकी सिरिकोंडा गावच्या कुंभारांकडूनच घ्यायची असतात. मेस्राम मंडळी बैलगाडीने तिथे जाऊन मडक्यांची मागणी सांगून येतात. मग दुसरा टप्पा, गोदावरीचं पाणी. मंचिर्याल जिल्ह्यातल्या जन्नारम मंडलात कलमडुगू गावाजवळ हस्तिनमडुगू नावाचा डोह आहे. पांढरे कपडे घातलेली मेस्राम माणसं तिथवर अनवाणी चालत जातात, झारीत पाणी भरतात आणि तसंच चालत परत येतात. वाटेत मुक्काम ठरलेले. परतताना इंद्रवेल्लीला इंद्रादेवीची पूजा, मग केसलापूरच्या वडाच्या झाडांखाली तळ, आणि अमावास्येच्या रात्री त्या पाण्याने महापूजा.

आता यातली कामं कोणाकोणाची आहेत ते मोजा. मडकी कुंभाराची. पाणी मेस्राम पुरुषांनी आणलेलं. देवळाजवळच्या विहिरीचं पाणी मडक्यांत भरून आणायचं काम सुनांचं. मातीची वारुळं रचायची ती मुली आणि जावयांनी. वाजवायचं प्रधानांनी. नैवेद्य शिजतो तो ‘गोवाड’ नावाच्या वाटोळ्या आवारात, पाळीपाळीने. एकही काम असं नाही की जे कोणीही करावं. आणि एकही माणूस असा नाही की जो एकटा ही पूजा पुरी करू शकेल. कुंभाराने मडकं दिलं नाही तर पूजा अडते, सून नसेल तर पाणी अडतं.

लोकसाहित्याच्या पेपरात आपण ‘परंपरा म्हणजे एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे आलेलं संचित’ अशी व्याख्या लिहितो. व्याख्या चुकीची नाही. पण केसलापूरला पाहिलं की तिची दुसरी बाजू दिसते. परंपरा वरून खाली येते तशीच ती आडवीही धावते, एका घरातून दुसऱ्या घरात, एका जातीतून दुसऱ्या जमातीत. कोणी कोणाला काय द्यायचं, याचा तो एक मोठा, न लिहिलेला हिशेब असतो.

सुनेची भेट

या हिशेबात मला सर्वात जास्त विचार करायला लावला तो ‘भेटी’च्या विधीने. मेस्राम घराण्यात लग्न होऊन आलेल्या नव्या सुनांना महापूजेनंतर नागोबासमोर नेतात आणि देवाशी त्यांची ओळख करून देतात. त्या मुलीही पांढऱ्या साड्यांत असतात. ही भेट झाल्यावरच ती सून खऱ्या अर्थाने कुळातली होते. त्याआधी तिला देवाच्या पूजेत भाग घेता येत नाही. वृत्तपत्रं या विधीला ‘भेटिंग’ही लिहितात. आपला ‘भेट’ हा शब्द तिथे असा जाऊन बसला आहे.

माझ्या वयाच्या मुली त्या रांगेत होत्या. काहींच्या कडेवर बाळं होती. मला आधी वाटलं, लग्न झालेली मुलगी देवासमोर ‘मंजूर’ करून घ्यावी लागते, हे काही बरं नाही. मैत्रिणीला तसं म्हणालेही. ती म्हणाली, उलट बाजूने बघ. आपल्याकडे सून घरात येते तेव्हा तिची ओळख कोणाशी करून देतात? नातेवाइकांशी. इथे ती थेट देवाशी करून देतात, आणि त्यानंतर पूजेतलं पाण्याचं काम तिच्याशिवाय होत नाही. आमच्यात यावर बराच वाद झाला. तो मिटला नाही, आणि मिटायलाच हवा असंही नाही. पण एक लक्षात आलं. अशा विधीचा अर्थ लावताना आपण त्यातून काय काढून घेतलं जातं ते पटकन बघतो, काय हाती दिलं जातं ते सावकाश दिसतं.

महापूजा मेस्राम कुळाची. बाकीच्यांनी थांबायचं, दर्शन नंतर. आम्ही आवाराच्या बाहेर थंडीत उभ्या होतो आणि आतून पेपरे आणि कालिकोम या वाद्यांचा आवाज येत होता. पेपरे आपल्या सनईच्या जातीचं, कालिकोम लांब तुतारीसारखं. वाजवणारे प्रधान. पूजेनंतर त्यांच्यातले काही जण शेकोटीजवळ बसून आपसात बोलायला लागले, आणि ते बोलणं मला शब्दन्‌शब्द कळत होतं. मराठी होती ती.

प्रधान कोण?

प्रधान म्हणजे गोंडांचे भाट, इतिहासकार आणि पुरोहितांचे सोबती, तिन्ही एकात. प्रत्येक प्रधान कुटुंब ठरावीक गोंड घराण्यांशी पिढीजात बांधलेलं असतं. त्या घरातलं लग्न, मृत्यू, कुळदेवाची पूजा, सगळीकडे प्रधानाने यायचं, किकरी वाजवायची आणि त्या कुळाची कथा गायची. किकरी हे तीन तारांचं, गजाने वाजवायचं वाद्य. काही जण तिला किंगरी म्हणतात, आणि हा शब्द आपल्या जुन्या मराठीलाही ओळखीचा आहे. बदल्यात गोंड घराने प्रधानाला धान्य, कपडे, कधी गुरं द्यायची. प्रधानांचा पहिला पूर्वज हिरा सुक्का हा गायक मानतात, आणि त्यांच्या कथांच्या मध्यभागी असतो पहांदी कुपार लिंगो, ज्याने गुहेत कोंडलेल्या गोंड देवांना मोकळं केलं आणि त्यांचे सगा लावून दिले. म्हणजे वर सांगितलेली चार-पाच-सहा-सात देवांची व्यवस्था का आहे, याचं उत्तर या गाण्यांत आहे. गोंडांचं धर्मशास्त्र, इतिहास आणि महाकाव्य हे सगळं प्रधानांच्या कंठात.

ख्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ हे व्हिएन्नात जन्मलेले मानववंशशास्त्रज्ञ १९४०च्या दशकात आदिलाबादमध्ये राहिले. त्यांनी स्पष्ट नोंदवलं आहे की इथल्या प्रधानांची मातृभाषा मराठी आहे, पण पवित्र कथा ते गोंडीतच सांगतात आणि गोंडीवर त्यांचं पूर्ण प्रभुत्व असतं. भाषाशास्त्राच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नाही. मराठी इंडो-आर्यन कुळातली, गोंडी द्राविडी कुळातली. तेलुगू, कोलामी या तिच्या नात्यातल्या. प्रधान रोज सकाळी एका भाषाकुळात उठतात आणि पूजेला दुसऱ्या भाषाकुळात जातात.

मला हे चमत्कारिक वाटलं, आणि मग लगेच ओळखीचंही वाटलं. मी वसईची कॅथलिक. माझी आजी घरात कादोडी बोलते, जिला सामवेदीही म्हणतात. प्रार्थना मात्र प्रमाण मराठीत करते. ती लहान असताना तर मिस्सा लॅटिनमध्ये असायचा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६५च्या पुढे, तिथे मराठी आली. त्यामुळे चुलीजवळची भाषा वेगळी आणि देवाजवळची वेगळी, हे आम्हालाही नवीन नाही. एक फरक मात्र मोठा आहे. लॅटिन आमच्याकडे वरून आली होती आणि ती कळणारे गावात धर्मगुरूच. प्रधान दुसऱ्या समाजाची भाषा स्वतःची कला म्हणून वाढवतात, त्या समाजासाठी, त्या समाजासमोर गातात. ऐकणारा चूक पकडू शकतो. एका समाजाने आपली सगळी स्मृती दुसऱ्या समाजाकडे ठेवायला द्यावी, आणि दुसऱ्याने ती तिच्याच भाषेत जपून परत परत त्यांना ऐकवावी, यात केवढा विश्वास आहे.

दिवाळीतले घुसाडी

नागोबाइतकीच इथली प्रसिद्ध परंपरा म्हणजे दिवाळीतला दंडारी-घुसाडी. आमच्या वीकेंडला तो पाहणं शक्य नव्हतं, पण मावल्यात ज्याच्याशी बोलावं तो त्याचंच सांगायचा, म्हणून इथे थोडं लिहिते. विदर्भातल्या झाडीपट्टीची ‘दंडार’ आपण ऐकलेली असते. नाव जुळतं, खेळ वेगळा. इथे दिवाळीच्या सुमारास गोंड गावांतले पुरुष घुसाडी होतात. डोक्यावर मोरपिसांचा मोठा टोप, खांद्यावर हरणाचं कातडं, अंगाला राख, हातात दांडा. घुसाडी झालेला माणूस उत्सव संपेपर्यंत आंघोळ करत नाही आणि खाटेवर झोपत नाही, कारण तेवढे दिवस त्याच्या ठायी देव आहे असं मानतात. एका गावचा दंडारीचा ताफा दुसऱ्या गावी पाहुणा म्हणून जातो, यजमान गाव त्यांना जेवू घालतं, आणि या जाण्यायेण्यात सोयरिकीही जुळतात. शेवटी ‘कोलाबोडी’चा विधी करून सगळं उतरवून ठेवायचं.

हा नाच देशाला माहीत झाला तो मारलवाई गावच्या कनकराजूंमुळे. घुसाडी शिकवण्यात त्यांनी आयुष्य घालवलं, २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली, आणि २०२४च्या ऑक्टोबरमध्ये, ऐन दंडारीच्या दिवसांत, ते गेले. आज सरकारी कार्यक्रमांत, मंत्र्यांच्या स्वागताला घुसाडी नाचतात. लोकांना ते आवडतं आणि नाचणाऱ्यांना मानही मिळतो. पण स्टेजवरच्या दहा मिनिटांत पाहुणचार नसतो, परतफेड नसते, आंघोळ न करण्याचं व्रत नसतं. मोरपीस येतं, यजमान गाव येत नाही.

दरबार, शाळा आणि लिपी

हायमेनडॉर्फ आदिलाबादला पोचले त्याला एक रक्तरंजित कारण होतं. जंगल आणि जमिनीवरच्या हक्कांसाठी निजामशाहीशी लढणारे कुमरम भीम १९४० साली जोडेघाटला पोलिसांच्या गोळ्यांनी मारले गेले. लोक असे का उठले, हे समजून घ्यायला निजाम सरकारने या अभ्यासकाला सांगितलं. दुसरं महायुद्ध चालू होतं, त्यांच्याकडे जर्मन पासपोर्ट होता, त्यामुळे तसंही त्यांना हैदराबाद संस्थानाबाहेर जायला बंदी होती. पत्नी बेटी यांच्यासह ते मारलवाईला राहिले. ‘द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद’ हा त्यांचा ग्रंथ १९४८ सालचा. बेटी १९८७ साली वारल्या, त्यांची कबर मारलवाईतच आहे.

या काळातल्या दोन गोष्टी आजही दिसतात. एक, नागोबा जत्रेतला दरबार. अधिकाऱ्यांनी जत्रेत येऊन आदिवासींच्या तक्रारी समोरासमोर ऐकायच्या, ही पद्धत तेव्हापासूनची. दुसरी गोष्ट आपल्या विषयाची. १९४३ साली मारलवाईला गोंड मुलांसाठी शिक्षणयोजना आणि शिक्षकांचं प्रशिक्षण सुरू झालं, आणि गोंडीतली वाचनपुस्तकं तयार झाली ती देवनागरी लिपीत. या मुलांनी आपली भाषा पुस्तकात पाहिली ती आपल्याच अक्षरांत. १९५६ नंतर राज्याची भाषा तेलुगू झाली, आणि शाळांचाही कल तिकडे गेला.

गोंडीला स्वतःची लिपीही आहे. नारनूर मंडलातल्या गुंजाला गावात जुनी हस्तलिखितं मिळाली. ती वाचू शकणारी वृद्ध माणसं तेव्हा गावात मोजकीच उरली होती. अभ्यासकांनी त्यांच्या मदतीने लिपी पुन्हा मांडली, आणि २०१८ साली ‘गुंजाला गोंडी’ युनिकोडमध्ये समाविष्ट झाली. आता ती मोबाइलवर टाइप करता येते. लिपी वाचली, कारण काही म्हाताऱ्या माणसांना ती वाचता येत होती. आणखी दहा-वीस वर्षं कोणी विचारलं नसतं तर ती वाचवायला कोणी उरलं नसतं.

हरवायला काय बसलंय?

इथे मी मूळ प्रश्नाकडे येते. प्रधानाचं गाणं टिकायला तीन गोष्टी एका वेळी लागतात. गाणारा, ज्याने बापाकडून वर्षानुवर्षं ते पाठ केलं आहे. ऐकणारा, ज्याला गोंडी कळते. आणि प्रसंग, म्हणजे लग्न, दिवस, पूजा, जिथे रात्रभर बसायला लोकांना वेळ आहे. यातलं एक गेलं की बाकीची दोन नुसती उभी राहतात. प्रधानाचा मुलगा तेलुगू किंवा इंग्रजी माध्यमात शिकून हैदराबादला नोकरीला लागला, तर त्यात वाईट काही नाही, उलट त्याच्या घरी आनंदच आहे. गोंड यजमानाने लग्न एका दिवसात हॉलमध्ये उरकलं तर त्यालाही दोष देता येत नाही. पण दोन्ही बाजूंनी असं झालं की मधला हिशेब कोणी पुसायच्या आधीच पुसला जातो.

आणि गाणं गेलं की प्रधानांची मराठीही तिच्या एका मोठ्या कामाला मुकते. गोंडीतल्या कथेबद्दल घरात जे बोलणं होतं, मुलाला शिकवताना बाप जे समजावून सांगतो, ते मराठीत. म्हणजे लिंगोच्या कथेवरचं भाष्य, टीका, गमती, हे सगळं एका मराठीत आहे जी आपण कधी छापली नाही. आपण मराठीच्या इतिहासात महानुभाव वाचतो, फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण वाचतो आणि एका इंग्रज माणसाने मराठीत पुराण रचलं म्हणून अभिमानाने सांगतो. मग मराठी माणसांनी गोंडीत जपलेलं पुराण आपल्या इतिहासात का नसावं? भाषा ओलांडून येणाऱ्याचं कौतुक आणि ओलांडून जाणाऱ्याचा विसर, हे न्यायाचं वाटत नाही.

जायचं असेल तर

मंडळातल्या कोणाला जायचं असेल तर काही साध्या गोष्टी. मुंबईहून नांदेड, किनवटमार्गे आदिलाबादला थेट गाडी आहे, नंदीग्राम एक्स्प्रेस. नागोबासाठी पौष अमावास्या बघा, दंडारीसाठी दिवाळी. ती दर वर्षी शनिवार-रविवारी येणार नाही, तेव्हा सुट्टी काढायची तयारी ठेवा. जत्रेला जाताना शक्य तर ओळखीच्या घरचं माणूस सोबत असू द्या. महापूजा मेस्रामांची आहे, आत जायचा हट्ट धरू नका. नव्या सुनांचे आणि घुसाडींचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. घुसाडीला हात लावायला तर जाऊच नका.

इंद्रवेल्लीला स्तूपाजवळ दोन मिनिटं थांबा. २० एप्रिल १९८१ ला तिथे जमिनीच्या प्रश्नावर जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा १३ मृतांचा, स्थानिक लोक तो कितीतरी मोठा सांगतात. केसलापूरचं नवं दगडी देऊळ मेस्रामांनी स्वतः वर्गणी काढून बांधलं आणि २०२२च्या शेवटी त्यात देव बसवला. त्या रस्त्यावरून या देवळाकडे जाताना ते का एवढं जिद्दीने बांधलं असेल, हे थोडं उमगतं.

आणि प्रधान भेटले तर गाणं ‘म्हणून दाखवा’ असं लगेच म्हणू नका. ते गाणं कोणाच्या तरी घरचं असतं, त्याला वेळ आणि जागा ठरलेली असते. त्याऐवजी ते कोणाकडून शिकले, कोणत्या घरांसाठी गातात, मुलं शिकतायत का, हे विचारा. मराठीतच विचारा. उत्तरही मराठीतच येईल, आणि ते उतरवून घ्यायला आपल्याला दुभाषा लागणार नाही. हायमेनडॉर्फना व्हिएन्नाहून येऊन जे शिकावं लागलं त्याचा निम्मा भाग आपल्याकडे जन्मापासून आहे. पुढच्या वर्षी लोकसाहित्याचा प्रकल्प निवडताना कोणीतरी हे लक्षात ठेवावं, इतकंच.